निळ्या ‘ई’नं जमवलेलं लग्न

आमच्या घरात म्हशीला कुटुंबप्रमुख करण्याचं श्रेय माझ्याकडे जातं. तेही साऱ्या जगाला दिसेल अशा रीतीनं, इंटरनेटवर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरशेजारच्या उचगावात आमच्या घरी नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि घरचा फोन अडवून इंटरनेट लावणारा मी एकटाच होतो. तेव्हा वेबपानं बघायला मुख्यतः दोन ब्राउझर होते. एक जुना, ज्याच्या चित्रात जहाजाचं चाक होतं. दुसरा निळ्या ‘ई’चा, कॉम्प्युटरबरोबर फुकटच आलेला. सगळं जग ‘ई’कडे धावत होतं. मी मात्र चाकाचा! कोल्हापुरात माणूस एकदा एखाद्या तालमीचा झाला, की फुटबॉलमध्ये त्या तालमीच्या संघावर गोलामागून गोल होत असले तरी तो मैदान सोडत नाही; माझंही तसंच झालं होतं. चाक उघडेपर्यंत आईच्या भाकरी थापून व्हायच्या. पण ‘ई’ला मी हात लावणार नव्हतो. त्याचं चित्र मी पडद्यावरून उचलून कॉम्प्युटरच्या कचरापेटीत टाकलं होतं.

अशात माझी धाकटी बहीण सुषमा, जी हायस्कुलात गणित शिकवायची, तिला एक मुलगा आवडला. आजऱ्याचा, काजूचा कारखाना असलेल्या घरातला महेश. मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली होती. आधीची स्थळं तिनं नाक मुरडून परत पाठवली होती, त्यामुळे घरात आनंदीआनंद. महेशच्या घरच्यांनी रीतसर फोटो आणि माहिती मागवली. मी म्हटलं, पोस्टानं कशाला? आपण वेबपान करू!

“दादा, फोटो पाकिटात घाल आणि पोस्टात टाक,” सुषमा म्हणाली. “ह्यात काय बिघडलं तर जन्मभर तुझ्याशी बोलणार न्हाय.”

मी हसलो. (आजही तो हसण्याचा आवाज माझ्या कानात आहे.)

पान झकास झालं. डावीकडे नावासकट फोटो, उजवीकडे माहिती. सगळ्यात वर सुषमा. तिच्याखाली मी. (मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पान करणाऱ्याचा काही मान असतो की नाही?) माझ्या शेजारी लिहिलं, ‘संगणकतज्ज्ञ. कॉम्प्युटरशिवाय दुसरं काही सुचत नाही.’ तिसरा फोटो चंद्राचा, म्हणजे आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, म्हशीचा. दिवाळी पाडव्याला निघणाऱ्या म्हशींच्या मिरवणुकीत तिनं पहिला नंबर काढला होता, आणि घरातली सगळी माणसं दाखवायची तर चंद्रा पाहिजेच, असा आप्पांचा हट्ट होता. तिचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला: ‘स्वभाव गरीब. खाणं भरपूर. बसल्या जागेवरून उठत नाही. अनोळखी माणसाला शिंगं मारत नाही.’ शेवटी फोटोशिवाय आप्पांचं नाव आणि पुढे ‘कुटुंबप्रमुख’. तळाला मी ठसठशीत सूचना दिली, की हे पान फक्त चाकवाल्या ब्राउझरमध्येच बघावं.

आजऱ्यात तो ब्राउझर कुणाकडेच नव्हता.

आठवड्याभरात पाव्हणे आमच्या सोप्यात हजर. पोहे आले. महेशच्या आईंनी, म्हणजे काकींनी, सुषमाला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, “कंप्युटरमधली पोरगी हाय म्हणून मी यायला हो म्हटलं बघ. कारखान्याचं सगळं आता कंप्युटरवर घ्यायचंय.”

सुषमाला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना आजार. “मला कंप्युटर चालूसुद्धा करता येत न्हाय,” ती म्हणाली. “मी गणित शिकवते.”

काकींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. महेशचे वडील टोपी शोधायला लागले. सुषमानं माझ्याकडे असं बघितलं, की जन्मभराचा अबोला त्याच क्षणापासून सुरू झाला. मी धडपडत कॉम्प्युटर लावला, फोन लावला, चाक उघडलं. सगळे ताटकळत उभे. शेवटी पान आलं, अगदी जसंच्या तसं. मी विजयी मुद्रेनं वळलो.

“आम्ही ‘ई’मध्ये बघितलं,” महेश हळूच म्हणाला. त्यानं कचरापेटीतून ‘ई’ बाहेर काढला आणि त्यात पान उघडलं.

मजकूर आधी आला. मग फोटो वरून खाली, इंचाइंचानं उतरायला लागले, आणि प्रत्येक फोटो एकेक ओळ खाली घसरलेला! सुषमाच्या माहितीशेजारी नुसती रिकामी चौकट. सुषमाचा फोटो ‘संगणकतज्ज्ञ’शेजारी. चंद्राचं तोंड शिंगांपासून उतरत उतरत थांबलं, ते थेट ‘कुटुंबप्रमुख’शेजारी. आई म्हणाली, ते मात्र बरोबर आलंय. आप्पांना राग यायला हवा होता, पण चंद्राचा फोटो बघून ते खूशच दिसले.

काकी मात्र रिकाम्या चौकटीकडे बघत होत्या. “म्हंजे ही गणितवाली आणि ही, एकच पोरगी हाय व्हय?”

सुषमानं मान डोलावली.

“मला ही गणितवालीच आवडलीती. पण फोटो न्हवता. म्हटलं, ह्यांनी थोरलीत काय खोट हाय म्हणून लपीवलंय.” मग त्या महेशकडे वळल्या. महेश छताकडे बघत होता. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, पण आई यायला तयार झाली म्हटल्यावर पठ्ठ्या गप्प बसला होता. काकींनी बशी परत उचलली. “मग सुपारी कधी फोडायची?”

माझ्या जिवात जीव आला. मी ब्राउझर बंद करायला गेलो, तर काकींनी हात धरला. त्यांचं लक्ष माझ्या फोटोकडे गेलं होतं. शेजारचा मजकूर त्यांनी सावकाश, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचला.

“आणि हे?” त्यांनी विचारलं.

“ते बरोबर हाय,” सुषमा म्हणाली. आणि अशा रीतीनं ती माझ्याशी परत बोलायला लागली.

पुढे चाक गेलं. माझ्याशिवाय कुणाला हळहळही वाटली नाही. मग कोल्ह्याच्या चित्राच्या एका नव्या ब्राउझरनं निळ्या ‘ई’च्या नाकी नऊ आणले, आणि त्याच्यामागून आणखी कोण कोण आले. सुषमानं काजूचा कारखाना कॉम्प्युटरवर नेला. माझं पानही केव्हाच इंटरनेटवरून पुसलं गेलं. पण आजऱ्याला गेलो की काकी अजूनही सगळ्यात आधी माझं ताट वाढतात, आणि घरात कुणी नवं माणूस आलं असेल तर त्याला सांगतात, “या की पावणं, बिनघोर या. शिंगं मारत न्हाय त्यो.”

मी बसल्या जागेवरूनच नमस्कार करतो.