दाजींचा आवाज

आफ्रिकेच्या मोठ्या फुटबॉल स्पर्धांत तो देशाचा गोल सांभाळायचा, तेव्हा लोकांनी त्याला ‘कुलूप’ म्हणायला सुरुवात केली. हातमोजे सुटले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव तेवढं चिकटून राहिलं. आता कुलूप बस डेपोत कामाला होता. मागे येणाऱ्या बसच्या पाठीशी उभं राहून ती फलाटाला नीट लावून घ्यायची, हे त्याचं काम.

गोलकीपर सामनाभर काय करतो? ओरडतो. पुढच्यांना आपल्या पाठीमागचं दिसत नाही, ते त्याला दिसतं. डेपोतही तो तसाच घसा खरवडून ओरडायचा. "ये, ये, ये. डावीकडे घे. डावीकडे म्हटलं मी, जेवला नाहीस का? थांब. शाबास."

बाकीचे ड्रायव्हर तरी एक डोळा आरशात ठेवत. मेव्हणा मात्र ठेवत नसे. बायकोचा हा धाकटा भाऊ पूर्वी त्याच्याच संघात डावा बॅक होता. मागे न बघता, निव्वळ दाजींच्या आवाजावर सरकत खेळलेला. बसही तो तशीच लावायचा. त्याच्या आरशांवर धुळीचा थर साचलेला असे. कोणी टोकलं तर म्हणायचा, "दाजी आहेत ना मागे. मला काय करायचाय आरसा?" हे ऐकलं की कुलपाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. टाळ्या त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या, पण असा विश्वास दुसऱ्या कोणी टाकला नव्हता.

मग तिकीट खिडकीवरच्या बाईंनी त्याच्या आरडाओरड्याचा व्हिडिओ टाकला आणि लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. त्याला कधी खेळताना न पाहिलेली माणसंही त्याच्या ‘शाबास’ची नक्कल करू लागली. काही जण तर कुठे जायचं नसताना डेपोत यायचे, नुसती बस लागताना बघायला. कुलूप चढला हरभऱ्याच्या झाडावर. रोज दाढी होऊ लागली. बायको म्हणाली, "बसला दाखवायला एवढं अत्तर?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चेंडू खेळात असताना त्याने प्रेक्षकांकडे कधी मान वळवली नव्हती. त्या दिवशी मेव्हण्याची बस मागे येत होती, आणि मोबाईल धरून उभी असलेली एक बाई म्हणाली, "कुलूपकाका, इकडे बघून म्हणा ना." कुलूप वळला, हसला आणि मोबाईलकडे बघत म्हणाला, "ये, ये, ये."

बस आली ती थेट खांबावर. मागची काच खळकन खाली आली.

लागलं कोणालाच नाही. मेव्हणा उतरला. त्याने आधी काचांकडे बघितलं, मग दाजींकडे.

"चुकलं माझं," कुलूप म्हणाला.

"होतं असं, दाजी."

एवढंच बोलून तो झाडू आणायला गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुलपाला वाटलं.

हा व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालला. लोक पोट धरधरून हसले. त्याचं कुलपाला फारसं काही वाटलं नाही; गोल खाल्ल्यावर हसणारे त्याने उभ्या जन्मात कमी पाहिले नव्हते.

नवी काच बसून बस परत आली, त्या सकाळी मोबाईलवाल्यांना त्याने आधीच लांब पिटाळलं आणि दाढी न करताच फलाटाशी येऊन उभा राहिला. मेव्हण्याने बस आत आणली आणि थांबवली. मागे घेण्याआधी तो खाली उतरला, सीटखालचं फडकं काढलं आणि दोन्ही आरसे स्वच्छ पुसून घेतले.