हणमंतरावांनी न वाचलेला तिसरा भाग

हणमंतराव मूळचे बेळगावकडचे. बेंगळुरात एका सरकारी कारखान्यात ते नकाशे काढायचे. तिथं त्यांना कुणी मत विचारत नसे. त्याची भरपाई ते दर रविवारी चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळात करत. पुस्तक कुठलंही असो, हणमंतरावांनी मान डोलावल्याशिवाय ते चांगलं ठरत नसे. परगावात मिरवायला तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि ती ते जिवापाड जपत.

एकसष्ट साली पुण्याहून हजार पानांची एक कादंबरी आली. प्रत एकच आणि वाचणारे उदंड. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे ती उसवून तीन भागांत बांधून घेतली. पहिला भाग अध्यक्षांनी मानाने नेला, दुसरा हणमंतरावांनी. तिसरा बायकांकडे गेला. एवढ्या लांब पोचतंय कोण, असा पुरुषांचा हिशेब होता. तो भाग पुढे महिनाभर बायकांच्या पिशव्यांत, कोथिंबिरीखाली लपून या घरातून त्या घरात फिरत राहिला.

हणमंतरावांनी पहिला भाग मागून आणून चाळला. दुसरा नेटाने वाचला आणि वैतागले.

"माणसं जिवंत उतरलीत, नाही म्हणत नाही," ते मला म्हणाले. "पण हलत नाहीत हो! एक गृहस्थ धोतराच्या निऱ्या करतो, त्याला चार पानं. त्याची बायको उंबऱ्यात उभी, तिला सहा. ती आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट बघतोय, तर भागच संपला!"

तो गृहस्थ मात्र त्यांना फार आवडला होता. शांत, व्यासंगी, घरातल्या किरकोळ गोष्टींत लक्ष न घालणारा. असा पुरुष मराठीत आजवर उतरला नव्हता, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

कादंबरीवर बोलायचा मान अर्थातच त्यांचा. रविवार उजाडला तरी तिसरा भाग हाती नव्हता. मागायला जावं तर शेवट वाचलाच नाही ही बातमी गावभर होणार. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. पानावर बसल्या बसल्या त्यांनी बायकोला, म्हणजे सुलभावहिनींना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू तिसरा भाग वाचलास म्हणे. त्या बाईचं पुढं काय होतं?"

"काही नाही," वहिनी भात वाढत म्हणाल्या. "राहते तिथंच. संध्याकाळी त्याला चहा करून देते. संपलं."

सभेत हणमंतराव रंगात आले. "आणि शेवटी लेखक काय करतो? ती बाई चहा करते! हजार पानांनंतर चहा! यालाच संयम म्हणतात. आपल्या संसाराचं सत्य लेखकाला गवसलंय!"

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एकानेही शेवट वाचला नव्हता. बायका मात्र एकमेकींकडे बघू लागल्या. मग ठकुबाई उठल्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या, भीडभाड ठाऊक नसलेल्या.

"अय्यो, अण्णा! ती तर ट्रंक घेऊन टेसनाला गेली की! परत आलीच नाही!"

बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. फक्त सुलभावहिनी हसल्या नाहीत. हणमंतरावांचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांची पत मातीला मिळाली होती, आणि खरं सांगतो, मला त्यांची दया आली.

परतताना मी दोन पावलं मागे होतो. दोघंही मला विसरले असावेत.

"चारचौघांत अब्रू घालवलीस माझी. खोटं का सांगितलंस?"

"तिचं वाचलं त्या दुपारी मीही माळ्यावरची ट्रंक खाली काढली होती," वहिनी म्हणाल्या. "धूळ पुसली, दोन लुगडी ठेवली. मग तुमची चहाची वेळ झाली. तुम्ही विचारलंत तेव्हा तिचा शेवट सांगवेना, म्हणून माझा सांगितला."

हणमंतराव रस्त्यातच थांबले.

"मग... ट्रंक परत माळ्यावर ठेवलीस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"खाटेखाली आहे," वहिनी म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.