सुर्जी नावाचा रक्तगट

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसापेक्षा पाहण्यांचं पीक जोरात आलं होतं. रोज कुठल्या तरी गावात एक जीप थांबायची, झोळीवाली माणसं उतरायची, शेतीचं काय झालं ते विचारून लिहून घ्यायची आणि चहा पिऊन पुढच्या दुःखाकडे निघायची. अशाच काही पाहणीवाल्यांनी जाताना आपला कॉम्प्युटर अकोल्यातच सोडला. जीपमध्ये संत्र्यांच्या पेट्या भरल्यावर त्याला जागा उरली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण दुसरं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

तो कॉम्प्युटर भाईच्या छापखान्यात येऊन पडला. भाई म्हणजे माझा अकोल्याचा दोस्त. लग्नपत्रिका छापायचा, गणपतीच्या आणि चाँदताऱ्याच्या, दोन्ही एकाच मशीनवर. मी अमरावतीचा. अकोल्यात एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचो आणि उरलेला वेळ भाईच्या स्टुलावर बसून त्याची शाई वाळवायचो. त्या यंत्रात इतके व्हायरस होते की चालू केलं की ते खोकायचं. मी सगळं पुसून त्यात लिनक्स टाकलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

भाई बघत राहिला. "मास्तर, टीव्हीचं रेडिओ करून टाकलं तुमी."

त्या दिवसांत स्वस्थ बसलेला माणूस अकोल्यात सापडत नव्हता. खेड्यांतून पेशंट यायचे आणि त्यांचे नातेवाईक रक्तासाठी दवाखान्याच्या फाटकात येरझाऱ्या घालायचे. छापखाना दवाखान्याच्या वाटेवर, त्यामुळे सगळे आधी भाईलाच विचारायचे. म्हणून आम्ही रक्तदात्यांची एक फाइल केली. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांतल्या बाजार समित्यांच्या शिबिरांत जाऊन माणसं गोळा केली. माणसामागे एक ओळ: नाव, गाव, गट (जोडून, एका शब्दात), फोन, आणि प्रत्येकाच्या मधात एक मोकळी जागा. बस. याला डेटाबेस म्हणतात हे मी भाईला सांगितलं, तर तो म्हणाला, "याले आमी यादी म्हनतो."

पण ती यादी वाघासारखी धावायची. ग्रेप म्हणून एक हुकूम असतो; त्याला एखादा शब्द द्यायचा, तो असलेल्या सगळ्या ओळी तो उचलून आणतो. 'बी निगेटिव्ह' मागितलं की डोळा मिटायच्या आत माणसं हजर. अडचण एकच. 'एबी निगेटिव्ह'च्या पोटातही 'बी निगेटिव्ह' लपलेलं असतं, आणि ग्रेपला कोण लपलंय याच्याशी देणंघेणं नसतं. त्यापायी बाळापूरचा एक एबीवाला बी गटाच्या पेशंटसाठी उन्हात मोपेडवरून आला आणि रिकामाच परत गेला. जाताना भाईचा सगळा चहा रागानं पिऊन गेला, दूधसुद्धा. मग मी ऑक नावाचा दुसरा हुकूम आणला. तो मोकळ्या जागा मोजून ओळीचे रकाने पाडतो. त्याला सांगितलं, फक्त तिसरा रकाना बघ. त्यानंतर चुकीचा माणूस म्हणून कधी आला नाही.

मात्र हळूहळू एक चमत्कार दिसू लागला. कोणताही गट मागा, माणूस अकोला जिल्ह्याचाच निघायचा. पातूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर. अमरावती जिल्ह्यातून क्वचित एखादा.

भाईला आयतं कोलीत मिळालं. "मास्तर, तुमच्याकडे रक्तच नसते का? तोराच वायते का नसांतून?"

"असेल रे. उन्हाळा आहे."

"आमच्याकडे हिवाळा हाय काय?"

वर्षभर मी हे ऐकून घेतलं. अमरावतीला घरी गेलो की बाजारात लोकांच्या तोंडाकडे संशयानं पाहायला लागलो.

मग भाईच्या बायकोचे दिवस भरले. दुपारी भाई दवाखान्यातून छापखान्यात आला तो चपला न काढताच. पोरगं आडवं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. भाभीच्या अंगात रक्त कमी आणि गट 'ओ निगेटिव्ह'. रक्तपेढीत त्या गटाची बाटली नव्हती. बाटली हाताशी असल्याशिवाय हात लावणार नाही, आणि संध्याकाळच्या पुढे थांबणंही बरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"काढा ना, काढा लवकर. लाइट जाईन आता."

भारनियमनाची वेळ जवळ आलीच होती. मी हुकूम दिला. दोन नावं आली. एकाला फोन केला, तो सुरतेत कामाला गेलेला. दुसऱ्यानं मागच्याच आठवड्यात रक्त दिलेलं. भाई मशीनभोवती फिरत होता, न छापलेल्या पत्रिका उचलून परत तिथंच ठेवत होता. मी तोच हुकूम पुन्हा दिला, जणू आधी यंत्रानं नीट ऐकलं नसावं. तीच दोन नावं.

भाई एकदम थांबला. "तो पानमळेवाला कुठं गेला?"

"कोण?"

"अरे, अंजनगाव सुर्जीच्या शिबिरातला. ओ निगेटिव्ह हाय म्हनून कॉलर ताठ करून फिरत होता. मीच लिवलं त्याले, माह्या हातानं."

मी ऑक सोडला आणि जुन्या ग्रेपला हाक मारली. अंजनगाव. पडदा भरून माणसं आली. पानमळेवाला मधात बसला होता, गट 'ओ निगेटिव्ह'. फक्त तो गट चौथ्या रकान्यात होता. तिसऱ्यात लिहिलं होतं, सुर्जी.

आता भाईची गोष्ट सांगायला हवी. पत्रिका छापणारा माणूस गावाचं नाव कधी तोडत नाही. नुसतं अंजनगाव छापलं तर वरात दुसऱ्याच अंजनगावला, अंजनगाव बारीला जाऊन उतरेल आणि नवरी सुर्जीत वाट पाहत बसेल. नावं एका शब्दात लिही, हे माझं त्यानं ऐकलं होतं. गावं मात्र त्यानं पूर्ण लिहिली होती, मधल्या मोकळ्या जागेसकट. आणि एकट्या अंजनगावचं काय, आमच्या अमरावती जिल्ह्यात बघा, चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर. एका शब्दात भागत नाही आम्हा लोकांचं. यंत्राच्या लेखी अंजनगाववाल्यांचा रक्तगट सुर्जी होता आणि चांदूरवाल्यांच्या नसांतून आगगाड्या धावत होत्या.

हे भाईला समजावायला वेळ नव्हता. मी नंबर वाचला, त्यानं लावला, आणि लाइट गेली.

पानमळेवाला अकोटमार्गे मोटरसायकलवर आला. तो येईपर्यंत भाईनं आणि मी दवाखान्यासमोरचा रस्ता इतका तुडवला की डांबर बसलं. उतरला तो धुळीनं पांढरा, आणि तोंडात पान.

"काहून हो, लय लवकर आठवन आली," तो म्हणाला. "वर्स होऊन गेलं, कोनी बोलावलं नाई. बायको म्हने, तुमच्या रक्तातच खोट असन. मले बी तसंच वाटाले लागलं होतं."

भाईनं त्याचा हात धरला तो बाटली भरेपर्यंत सोडला नाही. नर्सनं सांगूनही नाही. तपासणी झाली, बाटली आत गेली. आम्ही तिघं बाकावर बसलो, उठलो, परत बसलो. दिवेलागणीला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. भाई तरी बसेना. दार उघडून भाभी ठीक आहे असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, तेव्हा तो जिन्याच्या पायरीवरच बसला.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, गावाच्या नावात मोकळ्या जागी आडवी दांडी टाकू.

"गावाच्या मधात दांडी? हे नाई जमत," भाई म्हणाला. मग आम्ही रकान्यांच्या मधात मोकळ्या जागेऐवजी एकावर एक दोन टिंबं घातली आणि ऑकला सांगितलं, यापुढे टिंबं मोज. गावं अखंड राहिली. मी पुन्हा 'ओ निगेटिव्ह' मागितलं. अमरावती जिल्हा नुसता ओसंडून आला.

"बोल आता," मी म्हणालो.

"काय बोलू? घरात तुमचंच रक्त आलं."

संध्याकाळी भाभीला भेटायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, पोरगी कुशीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाईजान, ते रक्त चढलं तवापासून मले सारखं पान खावसं वाटून रायलं."

भाई लगेच उठला. "कुठलं आनू?"

"अंजनगाव सुर्जीचं," ती म्हणाली. "पूर्न नाव सांगजा दुकानात."