बटणावरची चिकटपट्टी

फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. मुग्धाच्या कॉलेजातून कुणीतरी बोलत होतं, "आप उनकी बड़ी बहन?" पुढचं ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेले मटारही सोलले... का, ते विचारू नका. माझी धाकटी बहीण शिकवता शिकवता कोसळून जागीच गेली होती आणि मी टरफलं गोळा करत होते. महिना उलटला. रडू अजून आलेलं नाही.

मुग्धा रसायनशास्त्र शिकवायची आणि अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी, आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर सनस्क्रीनमधल्या रेणूंची गणितं मांडायची. नातेवाइकांना वाटायचं, ही क्रीम बनवते. लग्नाकार्यात बायका गाल पुढे करून विचारायच्या, "आमच्यासाठी कोणती गं?" आणि ही बया स्वतः स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडायची! "अगं, ऊन खाल्ल्यावर रेणूचं काय होतं, तेवढंच बघते मी," म्हणायची. "अल्ट्राव्हायोलेट शोषलं की तो खवळतो. ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून जसाच्या तसा परत आला, तर कामाचा. तुटला, तर गेला कामातून."

एकेक गणित आठवडेच्या आठवडे चालायचं. आणि आमच्या आईला खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायची सवय. एकदा तिनं होत आलेलं गणित असंच बंद पाडलं. मुग्धा खूप धुसफुसली, मग त्या बटणावर चिकटपट्टी लावून मोकळी झाली. त्या सकाळीही दारातून ओरडली, "ताई, नवा मॉलिक्यूल लावलाय, आईवर लक्ष ठेव!" आमचं शेवटचं बोलणं ते.

घर माणसांनी भरलं. आई कुणाशीच बोलेना. फक्त एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "ते चालू आहे ना गं?" चालू होतं. मुग्धाचं हे गणित अर्धवट राहू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी काही वाटतच नव्हतं.

परवा तिची विद्यार्थिनी सोनल येऊन स्क्रीनपुढे बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, हो गया. पूर्ण झालं."

"परत आला का?" आईनं दारातून विचारलं.

"हो आजी. जसाच्या तसा."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

सोनलनं सगळं उतरवून घेतलं. आता बंद केलं तरी चालेल, म्हणाली. ती गेल्यावर आई उठली. खोलीतून बाहेर पडताना तिनं पंखा बंद केला, दिवा बंद केला... चिकटपट्टीवरून नुसता अंगठा फिरवला आणि दार लोटून घेतलं.