ओबुळम्माचा डावा पाय

मी चामड्याच्या बाहुल्या कापणारा माणूस. शेळीचं कातडं खरवडून पातळ करायचं, त्यातून राम-रावण कापायचे आणि पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवायचे, हा आमचा बापजाद्यांचा धंदा. अनंतपूर ते मदनपल्ली कुठंही विचारा, अंजनप्पाच्या हातचा रावण कसा असतो ते. बढाई वाटली तर वाटू द्या. या बढाईखोराची जिनं जिरवली, तिचीच गोष्ट सांगतोय, आणि सांगताना लाज नाही, उलट छाती फुगते माझी.

ओबुळम्मा शिवणकाम करते. बस स्टँडमागे तिचं दुकान, एक मशीन, एक आरसा, बसायला एक बाकडं. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला आणि आखूडही. डाव्या गुडघ्यावर हात दाबायचा, मग पाऊल टाकायचं, अशी तिची चाल. पण ब्लाउज असा बेतते की धर्मावरमच्या रेशमी साड्यावाल्या बायका बस पकडून येतात. आणि तोंड? माप घेताना कुणी पोट आत ओढलं की म्हणणार, "सोडा, अक्का, श्वास सोडा. लग्नात जेवणार नाही का?"

तिची आई नरसम्मा. बाई मनानं वाईट नाही. पण कुठलंही लग्नकार्य असलं की पाहुणे यायच्या आधी लेकीला नेऊन बसवायची, आणि मांडव रिकामा झाला की उठवायची. बत्तीस वर्षांत अर्ध्या नातेवाइकांनी ओबुळम्माला फक्त बसलेली पाहिली होती.

संक्रांत झाल्यावर आमच्याकडच्या अपंग संघानं शाळेत आठ दिवसांचं शिबिर भरवलं. ज्यानं त्यानं स्वतःची बाहुली करायची आणि शेवटच्या दिवशी पडद्यावर स्वतःची गोष्ट सांगायची. पायऱ्यांवर फळ्यांचा उतार केला, चाकाच्या खुर्च्या खाली शिराव्यात म्हणून टेबलं उंच केली. शिकवायला मी. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी अंगणवाडीतल्या पोरांशी बोलावं तसा बोललो. कुळ्ळायप्पा म्हणून शेंगा विकणारा एक आंधळा आहे, तो शांतपणे म्हणाला, "मामा, डोळे गेलेत माझे, कान नाही. जरा हळू ओरडा."

ओबुळम्मानं स्वतःचं चित्र दुपारपर्यंत काढून माझ्या हातात दिलं. कापड बेतायची सवय, रेघ कुठं हलली नव्हती. आखूड पाय, गुडघ्यावर हात, सगळं जसंच्या तसं. कातडं कापणं नवख्याचं काम नाही, म्हणून ते मी घरी घेऊन आलो.

संध्याकाळी नरसम्मा दारात. पदरात शेरभर शेंगा, डोळ्यांत पाणी. "अण्णा, एवढं करा. निदान तुमच्या पडद्यावर तरी तिचे पाय सारखे ठेवा. आख्खं गाव बघणार हो."

मला ते पटलंच. आमच्यात मोडक्या अंगाची बाहुली पडद्यावर आणत नाहीत. हात-पाय तुटला की तिला नमस्कार करून नदीत सोडतात. मी दोन्ही पाय सारखे कापले, नाजूक पैंजण काढले आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी बाहुली हातोहात फिरली. सगळे वा वा करत होते. कुळ्ळायप्पानं बोटं फिरवली, वरून खाली, परत वर.

"ही कोण?"

"आपली ओबुळम्मा."

"नाही हो मामा. हिचे पाय सारखे आहेत. ओबुळक्का निघाली की स्टँडच्या त्या टोकापासून मला ऐकू येते. धप्प-टिक, धप्प-टिक. ती पोचेपर्यंत माझी पुडी बांधून तयार असते. ही बाई आपल्या ओळखीची नाही."

ओबुळम्मानं बाहुली घेतली. मला वाटलं, लाजेल, हसेल.

"मामा, माझा पाय कुठाय?"

"अगं, छान दिसतेस की!"

"माझ्या हातून शिलाई चुकली तर मी उसवते. तुम्हीही उसवा."

माझं डोकं फिरलं. मला काम शिकवते? चारचौघांत? "चाळीस वर्षं कापतोय मी! लंगडी बाहुली आम्ही पडद्यावर आणत नाही, नदीत सोडतो!"

बोललो आणि जीभ चावली. पण ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"आणि तुमचा विदूषक? तो लंगडत येतो आणि लोक पोट धरून हसतात. त्याला नाही कधी नदीत सोडलंत?"

त्याच चालीवर मी चाळीस वर्षं जेवलो. स्टँडवर ओबुळम्मा दिसली की टवाळ पोरं जे हसतात ना, ते हसणं गावाला आम्हीच शिकवलं, दर जत्रेत, ढोलकीच्या तालावर.

मी नवीन कातडं काढलं. ती टेप घेऊन शेजारी बसली, स्वतःचाच पाय मापला. "गुडघ्याखाली साडेतीन इंच कमी. त्या हिशोबानं धरा. आणि पैंजण नकोत, मी घालत नाही." पाय जमला, पण सांधा काही जमेना. पाय हलवला की गुडघ्यावरचा हात सुटायचा. दोनदा दोरा बदलला, शिव्या घातल्या, परत बांधला. शेवटी तिनंच माझ्या हातातून दोरा घेतला. "आधी हात दाबतो, मामा, मग पाय उचलतो. तुम्ही उलटं बांधताय." तिनं बांधलं, आणि बाहुली चालली. हुबेहूब! एवढ्या बाहुल्या केल्या, पण असा सांधा माझ्या बापानंही बांधला नसेल.

शेवटच्या दिवशी दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा लावला. गाव लोटलं होतं. ओबुळम्माची गोष्ट एवढीच, घरापासून दुकानापर्यंत चालत जायचं. बाहुली तिच्या हातात. पडद्यामागे आम्ही लाकडी फळीवर पाय आपटून पावलांचा आवाज काढतो, ते काम कुळ्ळायप्पानं मागून घेतलं. मला म्हणाला, "तुम्हाला नाही जमायचं, मामा. तुमचे पाय रामाच्या सवयीचे."

बाहुली पडद्यावर आली. धप्प-टिक.

"आला रे, विदूषक आला!" मागून कुणीतरी ओरडलं. झालं! एक हसला, दहा हसले, सगळं पटांगण हसायला लागलं. "पुढं ने," मी कुजबुजलो, "पटकन ने, संपव."

तिनं उलट बाहुली थांबवली, पडद्याच्या बरोबर मधोमध. कुळ्ळायप्पाचा पाय थांबला. आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "हसा. तुमचं होऊ दे. मला घाई नाही."

हसणं कमी झालं, पण मेलं नाही. मागं अजून खुसखुस चाललीच होती. मी कडेनं डोकावलो. पुढच्या रांगेत नरसम्मा उठून उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर घसरलेला, तोंड लोकांकडे.

"माझी थोरली आहे ती! मीच मेलीनं तिला जन्मभर बसवून ठेवली. आता हसा, बघते एकेकाला!" मग पडद्याकडे वळली. "चाल गं, ओबुळे. सावकाश चाल. बघू दे सगळ्यांना."

ओबुळम्माचा हात असा थरथरला की बाहुलीची सावली थरथरायला लागली. बाहुलीची काठी धरायला मी हात पुढं केला, तर तिनं कोपरानं ढकलला. मग बाहुलीनं गुडघ्यावर हात दाबला आणि पाऊल टाकलं. धप्प-टिक. अठरा फुटांचा पडदा. माझा राम वनवासाला जातानाही एवढा वेळ घेत नाही. तिनं एक पाऊलही घाईनं टाकलं नाही, आणि पुढं तीनशे माणसं चिडीचूप बसली होती. मी चाळीस वर्षं ओरडून, गाऊन, ढोल बडवून गावाला असं कधी गप्प बसवलं नाही. ती पलीकडच्या कडेला पोचली, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "अजून एकदा, पोरी."

"परत कशाला?" ती धापा टाकत म्हणाली. "दिसलं ना सगळ्यांना?"

पडद्याच्या पलीकडून नरसम्माचा आवाज आला. "मला नाही दिसलं गं. डोळे भरले होते. परत चाल."

ओबुळम्मानं डोळे पुसले, काठी नीट धरली, आणि ती परत चालली.