मंगळवारची पंगत

"गाठ कॅन्सरचीच आहे, पण तुम्ही वेळेत आलात," संभाजीनगरच्या डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, "मग शाळेत कधीपासून जाता येईल?" शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय.

माझं डोकं ठिकाणावर होतं. कुंभार पिंपळगावला प्राथमिक शाळेत मी चौथीच्या वर्गाला शिकवते. बाईचा आवाज बसला तरी वर्ग चालतो, हात बसला तर फळा कोरा राहतो.

डॉक्टरांनी विचारलं, "उजव्या हातानं लिहिता का?" गाठ उजव्याच स्तनात होती. त्या म्हणाल्या, "काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. मग हात वर जायला वेळ लागतो. व्यायाम नेमानं केलात तर जाईल. सोडलात तर खांदा धरून बसेल." कॅन्सरची भीती मला गाडीत बसल्यावर वाटली. त्या खोलीत माझं सगळं लक्ष माझ्या हाताकडे होतं.

हे वाचताना जिला स्वतःच्या अंगावरची एखादी गाठ आठवेल, तिला एवढंच सांगते. माझी गाठ अजिबात दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून थांबू नका. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, त्यात थोडं दाबल्यासारखं होतं. बायोप्सी म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणं. सुईचं काही वाटत नाही. रिपोर्टची वाट पाहणं मात्र जीव खातं, आणि त्यावर कुठलंही औषध नाही.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले. ते परत येणार होते, म्हणून मी त्यांच्यासाठी फार रडले नाही. पण हात खांद्याच्या वर जाईना, आणि त्यातच तो सुजायलाही लागला. याला लिम्फेडीमा म्हणतात. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत फिरायची वाट बंद होते, ते तिथंच साचतं. माझ्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. त्या दिवशी मात्र मी रडले, आणि मनसोक्त रडले.

त्याच सुमाराला जालन्याच्या एका संस्थेनं आमच्या भागातल्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी दर मंगळवारी वर्ग सुरू केला होता. फिजिओथेरपी शिकलेल्या एक तरुण मॅडम एसटीनं यायच्या. आधी हाताचे व्यायाम, मग श्वासाचे, मग काय खावं, काय टाळावं, आणि शेवटी नुसत्या गप्पा. जागा बुद्धविहाराच्या हॉलची. तिथली फरशी स्वच्छ, पंखे चालू, आणि विहाराच्या लोकांनी भाड्याचा विषयसुद्धा काढू दिला नाही.

आसपासच्या गावांतून बायका यायच्या, काही जणी पदरानं तोंड झाकून. रुक्मिणमावशी तेवढ्या उघड्या तोंडानं यायच्या, नवरा बापूराव मोटारसायकलवरून सोडायचे. मावशींचा आजार यकृतापर्यंत गेला होता. त्यांचा हात माझ्याहून चांगला वर जायचा, पण त्या बऱ्या होणार नव्हत्या, आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं.

"बाई, मला समदं म्हाईत हाय," त्या मला म्हणाल्या. "पण मंगळवार आला की सकाळपासून बरं वाटून राह्यतं. खोटं कशाला बोलू?"

काही महिन्यांनी संस्थेचा निधी संपला. मॅडमनी सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून मला येता येणार नाही. यायचा-जायचा खर्च आणि मानधन कुठून तरी उभं राहिलं, तरच." माझा हात तेव्हा कानापर्यंत येत होता. घरी एकटीनं करून बघितलं, तर दुखलं की मी थांबायची. वर्गात मॅडम थांबू देत नसत. वर्ग बंद पडला तर माझा हात कानापाशीच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

उपाय काढला रुक्मिणमावशींनी. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात रोजची पंगत एकेक घर घेतं. पंगत म्हणजे त्या दिवसाचं गावजेवण. ती मिळवण्यासाठी लोक वर्ष-वर्ष आधी नाव सांगून ठेवतात, आणि नाही मिळाली तर रुसतात. या पंगती वाटायचं काम भागवतअण्णांकडे. माणूस एवढा चिवट, की त्यांना नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं स्वस्त पडतं. मावशींनी त्यांना विहाराच्या दारातच गाठलं. "अण्णा, सप्त्याच्या पंगती वाटता, तशा ह्या मंगळवारच्या बी वाटा की."

मला ते मुळीच आवडलं नाही. वर्गणी गणपतीला मागावी, आपल्या दुखण्याला नाही, असं माझं मत होतं, आणि माझी मतं मी मनात ठेवत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, वर्गणी न्हाई ओ ही. वर्गणी मागावं लागती. पंगत लोक आपुन होऊन घेतेत. तुम्ही कामून लाजून राह्यल्या? तुमचं काम हात वर करायचं, बाकीचं आमच्यावर सोडा."

अण्णांनी बाजाराच्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, की एका मंगळवारचा मॅडमचा खर्च म्हणजे एक पंगत, कोण घेतंय? मला वाटलं होतं, दोनचार घरं पुढं येतील. दिवाळीपर्यंतचे सगळे मंगळवार वाटून संपले तेव्हा मी अण्णांना मनातल्या मनात हात जोडले. आडत दुकानदारानं घेतला, मेडिकलवाल्यानं घेतला, मशिदीजवळच्या चहावाल्या शेखभाईंनी घेतला, बँडवाल्या पोरांनी मिळून एक घेतला. दसऱ्याच्या मंगळवारवरून दोन भावकींत कुरबूर झाली, तेव्हा माझी खात्री पटली की आता वर्ग बंद पडत नाही.

आता खरी गंमत ऐका. पहिला मंगळवार आडत दुकानदाराचा. मॅडमचं मानधन त्यांनी आदल्या दिवशीच पोचवलं. पण पंगत घेतली आणि कुणाला जेवू घातलं नाही, हे आमच्या भागातल्या माणसाच्या डोक्यात बसूच शकत नाही. व्यायाम संपतो न संपतो तोच दारात टेम्पो उभा राहिला. पुऱ्या, बुंदी, आणि पातेलंभर वांग्याची भाजी, वर बोटभर लाल तर्री.

आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. केमोत तोंडाची आतली साल जाते. डॉक्टर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. साधं पाणीही झोंबतं. आडतवाल्यांच्या सूनबाई पळी घेऊन समोर उभ्या. "घ्या ना बाई, लाजू नका."

शेवटी मावशीच बोलल्या. "माय, भाजी लई बेस दिसून राह्यली. पण आमच्या तोंडाची साल गेली हाय. तू ताट वाढ, आम्ही डोळ्यानं जेवतो."

सूनबाईंचे डोळे भरले. भाजी आमच्याबरोबर आलेल्या माणसांनी संपवली. पण ती बाई तिथून हलली नाही. मॅडमपाशी बसून तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली, काय झोंबतं, काय गिळवतं, गरम चालतं का गार. पुढच्या मंगळवारी तिचा नंबर नसतानाही ती ज्वारीच्या कण्या घेऊन आली, मऊ शिजवलेल्या, ताक घालून, मिठाला बेताच्या. कित्येक दिवसांनी मी वाटीभर काहीतरी न कण्हता खाल्लं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती माझ्याहून लहान, म्हणून राहिलं.

मग कण्यांची चढाओढच लागली. कुणी दुधातल्या आणायचं, कुणी मऊ खिचडी, कुणी केळ्याचं शिकरण. दर मंगळवारी नवं घर यायचं आणि जाताना आजाराविषयी चार गोष्टी शिकून जायचं. हा रोग शिवण्यानं होत नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं असतं तरी जेवढं पटलं नसतं, तेवढं त्यांना आमच्या वाट्या विसळताना पटलं. पदरात झाकलेली तोंडंही हळूहळू उघडी झाली. तुमच्या गावात असं काही करायचं मनात आलं, तर जरूर करा. फक्त पातेलं चुलीवर चढवायच्या आधी पेशंटला विचारा.

एक मंगळवार रुक्मिणमावशींनीही घेतला. अण्णा म्हणाले, "मावशे, तू पेशंट हाईस, तुझ्याकून कसं घ्यायचं?" त्या म्हणाल्या, "इतके दिस लोकाचं खाल्लं. एक दिस माझ्या घरचं कामून नको?"

तो मंगळवार यायच्या आधीच त्या गेल्या. तेरावा नुकताच झाला होता. अण्णांनी बापूरावांना निरोप पाठवला, की हा दिवस दुसऱ्या घराला देतो, तुम्ही मनावर घेऊ नका. उत्तर आलं, "तिनं पंगत घेतल्ती. मोडायची न्हाई."

बापूराव मोटारसायकलला खिचडीचा डबा बांधून आले. डबा ठेवून परत जातील असं आम्हाला वाटलं, पण ते भिंतीला टेकून उभे राहिले. मॅडम व्यायाम सुरू करायला उभ्या राहिल्या आणि पाठ फिरवून डोळे पुसायला लागल्या. तेव्हा बापूराव पुढं आले.

"मी सांगतो," ते म्हणाले. "घरी रोज सकाळी मीच करून घेत व्हतो तिच्याकून. मला समदे येतेत."

मॅडमनी त्यांना आपली जागा दिली. त्या शेतकरी माणसानं आम्हा बायकांना एकेक व्यायाम सांगितला, मॅडम सांगतात तसा, त्याच क्रमानं, खांदे फिरवणं, कोपर मागं नेणं, मग दोन्ही हात सरळ वर. कुणी हसलं नाही, कुणी संकोचलं नाही. शेवटच्या व्यायामाला त्यांनी स्वतःही हात वर नेले आणि डोळे मिटले.

"रुक्मिण," ते म्हणाले, "आजून थोडा वर."

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आम्हीही आणून दिलं नाही. आम्ही सगळ्याजणींनी हात अजून थोडा वर नेला, आणि माझा उजवा हात त्या दिवशी पहिल्यांदा डोक्याच्या वर गेला.