ड्रिल मशीनवरचे हातमोजे

माझ्या चुलत भावावर अन्याय झाला. संक्रांतीच्या आदल्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, धाराशिवमधल्या खिडक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. अन्याय करणारे दोघं होते. एक वर्कशॉपचा मालक. दुसरी मी.

मालकाबद्दल लिहिणं मला येतं. कॉलेज सुटल्यापासून तेच करते. एका पानाचं पत्रक, वर ठळक अक्षरात सवाल, खाली मागण्या, आणि बसस्टँडवर, कोर्टाबाहेर, वर्कशॉपांच्या दारात उभं राहून वाटप. कामगार संघटनेत गेल्या गेल्या मला शिकवलं होतं की मागण्या तीनच लिहायच्या, चौथी कुणी वाचत नाही. मी तीनच लिहायची. हे लिहिताना मात्र तीनाचा हिशेब धरणार नाही.

हा चुलत भाऊ, माझा दादा, मूळचा ईट गावचा, माझ्याच घरातला. आयटीआय करून फिटर झाला आणि धाराशिवला खोली घेऊन राहिला. दिवसा खिडक्यांचे अॅल्युमिनियमचे पाइप कापायचा, भोकं पाडायचा. उरलेला सगळा वेळ गिटार. आमच्या सभांना मी भाषण करायची आणि त्याआधी तो वाजवायचा. पण साधी गिटार सभेच्या भोंग्यातून गुळगुळीत ऐकू येते. तो म्हणायचा, "माणसं चिडून आल्याली असत्यात आन मी त्यास्नी बारशाचं संगीत ऐकवतोय." म्हणून तो पेडल बनवायला लागला. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची एक छोटी पेटी. गिटारची वायर तिच्यातून जाते, पायानं बटण दाबलं की आवाज फाटतो, गुरगुरतो. आतली सर्किटं तो मोबाइलवर बघून जोडायचा, आणि ती त्याला सोपी जायची. अडायचं पेटीपाशी.

विकतची ओतीव पेटी पुण्याहून मागवायला लागते, आणि त्याच्या मते तसली पेटी आपण बनवली असं म्हणता येत नाही. मग त्यानं घरातलं, गावातलं जे चौकोनी दिसेल ते पायाखाली घालून बघितलं. लाइटच्या फिटिंगचा प्लॅस्टिकचा डबा घेतला तर आत घूं घूं आवाज शिरायचा, कारण प्लॅस्टिक बाहेरची वीज अडवत नाही. वर बटणावर पाय दिला की कोपरा तडकायचा. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरचा जुना डबा आणला. आवाज एकदम स्वच्छ, पण वजन एवढं की तो म्हणाला, "ह्याला सभेला न्यायचं तर ट्रॅक्टर सांगावा लागंल." मग गावाकडं काकीचा, म्हणजे त्याच्या आईचा, स्टीलचा लाडवाचा डबा उचलला. पत्रा पातळ, भोक पाडताना काठ फाटला आणि झाकण वाकडं झालं.

काकी दारातून ओरडली, "मेल्या, लाडू कशात ठिऊ आता? गिटारीत?"

"ठिव की. तशी बी ती पोकळच हाय."

शेवटी उत्तर त्याला रोजच्या कामात सापडलं. खिडकीच्या चौकटीचा चार बाय पावणेदोन इंचाचा अॅल्युमिनियमचा पाइप. त्याचे वीतभर तुकडे वर्कशॉपच्या कोपऱ्यात रोज पडायचे. त्यातला एक कापायचा आणि दोन्ही तोंडांना पट्टी ठोकायची. हलका, मजबूत, बाहेरची घूं घूं अडवणारा. तो तुकडा हातात घेऊन बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कानाला लावायचा आणि मान हलवायचा. मी हसायची. आता ती पेरं नाहीत.

भोकं कशी पाडायचा तेही सांगते, कारण सगळं तिथंच आहे. आधी कागदावर जागा आखायच्या आणि कागद पाइपवर चिकटवायचा. प्रत्येक भोकाच्या जागी टोकदार पंच ठेवून हातोडीनं खड्डा करायचा, म्हणजे बिट, ड्रिलची फिरणारी सळई, घसरत नाही. पाइपच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवायचा. पहिल्यांदा बारीक बिट, मग मोठं, मग त्याहून मोठं. बिटावर खोबरेल तेलाचे दोन थेंब. सगळ्यात मोठं भोक पायाच्या बटणाचं, आणि सगळ्यात वाईटही तेच. बिट आरपार जाता जाता शेवटच्या पापुद्र्यात अडकतं आणि अख्खी पेटी हिसका मारते. अॅल्युमिनियमचे लांब वळणदार छिलके निघतात आणि बिटाभोवती गरगरतात. ते दादा मशीन बंद करून जुन्या टूथब्रशनं झाडायचा. चालू मशीनजवळ हात न्यायचा नाही, हा त्याचा नियम. काकीनं सोनारीहून भैरवनाथाचा काळा दोरा आणून त्याच्या मनगटात बांधला होता. मशीनवर उभं राहण्याआधी तो दोरा काढून खिळ्याला अडकवायचा. मी विचारलं होतं, देवाचा दोरा काढतोस? म्हणाला, "देवाला कळतंय. मशीनला कळत न्हाय. दोऱ्याचं टोक घावलं की हात घिऊन जाती ती."

हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही शहरातल्या वर्कशॉप कामगारांसाठी पत्रक काढायचं ठरवलं. मी वही घेऊन दादाच्या खोलीवर गेले. तो गिटारच्या तारा बदलत होता.

"सांग, काय काय पायजे कामगारांना."

"लिही. ड्रिलला वाइस पायजे, तुकडा घट्ट आवळून धरायला. आमी हातानं धरतोय. बिटाभवती जाळी पायजे. पायाजवळ स्विच पायजे, काय झालं तर लाथ मारून बंद करता येईल आसा. डोळ्याला चष्मा. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर झाकण."

"वाइस म्हणजे काय हे बसस्टँडवरच्या माणसाला कसं कळणार?"

"बसस्टँडवरचा माणूस ड्रिलवर उभा ऱ्हातो व्हय?"

"पत्रक सगळ्यांसाठी असतं, दादा. सोपं काहीतरी सांग. हातमोजे?"

"वेल्डिंगला लागत्यात. पत्रा उचलायला लागत्यात. ड्रिलवर घालत न्हाईत, पत्रकवाले."

पत्रकवाले हे त्यानं मला ठेवलेलं नाव. त्यावर मी जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "ही मालकांनी तुमच्या डोक्यात घातलेली भाषा आहे."

तो तार पिळत राहिला. मग म्हणाला, "बरं बाई. तू शिकल्याली."

पत्रकात तीन मागण्या छापल्या. कामाचे तास, दवाखान्याचा खर्च, आणि तिसरी: प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक कामगाराला हातमोजे मिळालेच पाहिजेत! "प्रत्येक यंत्रावर" हे शब्द कुणी सांगितले नव्हते. वाक्याला जोर येत नव्हता म्हणून मी घातले.

पत्रक गाजलं. आधीच्या दोन मागण्यांना मालकांनी हात लावला नाही, पण तिसरी सगळ्यांना परवडली. दादाच्या मालकानं हातमोज्यांचा गठ्ठा आणला, पांढऱ्या सुताचे, तळव्यावर रबरी ठिपके असलेले. आमचं पत्रक भिंतीला चिकटवलं आणि कामगारांना हातमोजे घालून त्यापुढं उभं करून फोटो काढला. मीही तो फोटो चार जणांना पाठवला. वाइस आली नाही. जाळी आली नाही. मी मागितलीच नव्हती.

मग तो मंगळवार. संध्याकाळी भूमला मेळावा होता आणि दादाला नवं पेडल तिथं वाजवायचं होतं. चहाच्या सुट्टीत मशीन वापरायला मालकाची परवानगी होती. मी त्याला न्यायला गेले होते. पावणेपाचची एसटी धरायची, म्हणून माझी नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे. सर्किट तयार होतं, पेटीची पाच भोकं झाली होती. दोरा खिळ्याला, बाह्या वर, हात उघडे. बटणाचं मोठं भोक राहिलं होतं.

मालक केबिनमधून बाहेर आला. मला बघून हसला. "या मॅडम. बघा, तुमचा भाऊच नियम मोडतोय. हातमोजे कुठायत रे? उद्या माझ्या नावानं परत पत्रक निघंल."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असणार, मी बोलेन. मला एकच वाक्य बोलायचं होतं: ड्रिलवर घालत नाहीत. त्यानंच मला ते सांगितलं होतं. पण समोर मालक उभा, मागं भिंतीवर माझं पत्रक, आणि घड्याळात चार वाजून गेलेले.

मी म्हणाले, "घाल की दादा. आपलीच मागणी आहे."

त्यानं घातले. उजव्या हातानं मशीनचा दांडा खाली ओढला, डाव्या हातानं पेटी धरली. बिट शेवटच्या पापुद्र्यात अडकलं, पेटीनं हिसका मारला, ती सावरायला त्याचा डावा हात पुढं सरकला आणि गरगरणारा एक छिलका हातमोज्याच्या सुतात घुसला. उघडा हात असता तर कापला असता, रक्त आलं असतं, हात मागं आला असता. सूत तुटलं नाही. हातमोजा बिटाभोवती गुंडाळला गेला आणि आत बोटं होती. स्विच मशीनच्या पलीकडं भिंतीवर होता. मालकानं धावत जाऊन बंद केला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तो ओरडला की नाही, मला आठवत नाही. पांढरं सूत लाल होत गेलेलं आठवतं.

धाराशिवहून त्याला सोलापूरला हलवलं. बोटं जोडता आली नाहीत. ती कापली गेली नव्हती, पिळली गेली होती. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा काकी भिंतीला टेकून खाली बसली होती. ती म्हणाली, "त्यो तर दोरा बी काढून ठिवायचा. हातमोजं कुणी घालाय लावलं?"

मी म्हणाले, "मी."

काकी माझ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि माझ्याशी आजवर त्यावर एक शब्द बोललेली नाही. जेवायला मात्र वाढते.

चौकशी लागली तेव्हा मालकानं लेखी जबाब दिला: कामगार संघटनेच्या मागणीप्रमाणे सुरक्षेची साधनं पुरवली होती, वापर सक्तीचा केला होता. सोबत पुरावा म्हणून माझं पत्रक आणि तो फोटो. खोटं काही नव्हतं त्यात. वाइस नव्हती हे त्यानं लिहिलं नाही, आणि ते मी आधी लिहिलेलं नसल्यामुळं कुणी विचारलंही नाही. मालक सुटावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. तुकडा हातानं धरायला लावणारा तोच, स्विच लांब भिंतीवर ठेवणारा तोच. त्याचा गुन्हा माझ्या गुन्ह्यानं कमी होत नाही.

संघटनेतल्या थोरल्यांनी मला बाजूला घेतलं. "आत्ता तू काही बोलू नकोस. पत्रक चुकलं म्हणालीस की मालकावरची केस गेली. निकाल लागू दे, मग दुरुस्ती काढू." मला ते पटलं. खोटं का सांगू, हायसं वाटलं. मी पाच आठवडे गप्प राहिले.

दादा ईटला होता, हात बांधलेला. मी गेले तेव्हा गिटार कुठं दिसली नाही आणि मी विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "त्या पत्रकाचं काय केलंस?"

"केस चालू आहे, दादा. आत्ता मागं घेतलं तर—"

"माझं जायचं ते गेलं. बाकीची पोरं अजून घालून उभी हायती का, ते सांग."

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. परत येताना भूममध्ये पहिलं जे वर्कशॉप दिसलं तिथं उतरले. दाराशी आमचं पत्रक. आत ड्रिलवर पांढरे ठिपक्यांचे हातमोजे घातलेला एक माणूस, लोखंडी पट्टी हातानं धरून. मी ओरडले, "काढा ते हातमोजे!" त्यानं मशीन बंद केलं आणि माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं. मग पत्रकाकडं बोट दाखवलं.

"ताई, तुमीच तर सांगितलंय."

मी ते पत्रक फाडलं. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, हातमोजे काढले, खिशात घातले. मी गेल्यावर मालकानं पुन्हा घालायला लावले असतील का, माहीत नाही. मी एकटी किती दारांत जाणार? आम्ही ती पत्रकं धाराशिवपासून परंड्यापर्यंत वाटली आहेत. आमच्याइतकी मेहनत कुणी केली नसेल.

केसचं काय होईल ते होईल. मी हे माझ्या सहीनं लिहितेय आणि निकालाची वाट बघत नाहीये.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत वेल्डिंगचं, खिडक्यांचं, शेतीच्या अवजारांचं एक तरी दुकान आहे. आज तिथं जा. ड्रिलवर कुणी हातमोजे घालून उभा असेल तर मशीन थांबू द्या, आणि मग त्याला सांगा: ड्रिलवर हातमोजे नकोत, तुकडा वाइसमध्ये आवळ. वाइस नसेल तर मालकाला त्याच्या तोंडावर विचारा, का नाही. भिंतीवर आमचं पत्रक असेल तर त्यातली तिसरी मागणी पेनानं खोडा. तुमच्या हातात पेन आहे, पाय आहेत. जा.